चाळिशी आणि चष्म्याचं गाव
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या भाषेनं आपल्या या वयाला आणि या वयात लागणाऱ्या चष्म्याला एकच नाव दिलंय, चाळिशी! म्हणून आज थोडं चष्म्याविषयी.

चष्मा तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत जन्मला. कानावर अडकणाऱ्या काड्या मात्र अठराव्या शतकात आल्या. तोवर तो नाकावर चिमटवायचे किंवा हातात धरायचे. श्रीमंतांच्या फ्रेमा सोन्याच्या, शिंगाच्या, कासवाच्या पाठीच्या असत. कासवाच्या कवचाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आता बंदी आहे. तशाच तपकिरी-पिवळ्या ठिपक्यांच्या फ्रेमा आज ॲसिटेटच्या बनतात, आणि ते ॲसिटेट कापसापासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून.

हातानं घडवलेली फ्रेम महाग का? जाड शीटमधून आकार कापायचा, काचेसाठी खाच पाडायची, लाकडाच्या तुकड्यांबरोबर ड्रममध्ये कित्येक दिवस फिरवून गुळगुळीत करायची, बिजागरी बसवायची आणि शेवटी फिरत्या कापडी चाकावर हातानं पॉलिश. एक काडी जराशी वाकडी राहिली, तरी घालणाऱ्याचा कान दुखतो.

यातली मला सर्वांत भावलेली गोष्ट जपानच्या फुकुई प्रांतातली. तिथं हिवाळाभर बर्फ. शेती बंद, हाताला काम नाही. १९०५ साली गोझाएमोन मासुनागा यांनी ओसाकाहून कारागीर बोलावले आणि गावातल्या तरुणांना फ्रेमा बनवायला शिकवलं. आज जपानमध्ये बनणाऱ्या दर दहा फ्रेमांपैकी नऊहून अधिक त्याच प्रांतातून, मुख्यतः साबाए शहरातून येतात. टायटॅनियमच्या फ्रेमाही आधी तिथंच तयार झाल्या.

आपल्याकडे बर्फ नाही, दुष्काळ आहे. पाऊस दगा देतो तेव्हा माणसं ऊसतोडीला जातात, पुण्या-मुंबईला जातात. आपणही गेलो, शिकून गेलो, एवढाच फरक. बोरी नदीवर पाणीमहाल उभा करणारं हे गाव, इथं कसब परकं नाही. माझ्यासारखं संगणकावरचं काम तर आता नळदुर्गात बसूनही करता येतं. अडतं ते शिकवणाऱ्याचं.

म्हणून एक विनंती. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्यापैकी ज्याला जमेल त्यानं आठ दिवस शाळेत यावं आणि आपलं काम मुलांना शिकवावं. कुणी वेल्डिंग, कुणी हिशेब, कुणी शिवणकाम. प्रोग्रामिंगचे आठ दिवस माझे. बाई, एका वर्गाची किल्ली तेवढी द्या.