नारळ दिला, आता पुढे कोण? – स्पर्सच्या नव्या मॅनेजरचा शोध

आजचा भाग खरं तर ट्रान्स्फर विंडोवर करायचा होता, मुद्देही काढून ठेवले होते. पण शुक्रवारी, ६ जून २०२५ला टॉटेनहॅमने अँज पोस्टेकोग्लूला नारळ दिला आणि तेव्हापासून आमच्या स्पर्सवाल्या ग्रुपला उसंत नाही. 'पुढे कोण?' एवढा एकच विषय. तेव्हा ट्रान्स्फर पुढच्या वेळी, आज हेच बोलून टाकू.

जे लीग रोजच्या रोज बघत नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. २१ मेला बिल्बाओत युरोपा लीगची फायनल झाली. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. मँचेस्टर युनायटेडविरुद्ध आपण १-० जिंकलो. ब्रेनन जॉन्सनचा गोल असा, की तो नक्की कुणाच्या पायाला लागून गेला यावर अजून वाद चालू आहेत. दुसऱ्या हाफमध्ये मिकी व्हान डे व्हेनने गोललाइनवरून हवेत उडी मारून काढलेला तो बॉल तर मी किती वेळा बघितलाय, सांगता येणार नाही. २००८ नंतर क्लबला मिळालेली ही पहिली ट्रॉफी. युरोपातली म्हणाल तर १९८४ नंतरची पहिली. सॉन ह्यूंग-मिन दहा वर्षं या क्लबात घालवून पहिल्यांदा काहीतरी उचलत होता.

आणि हाच संघ, याच मोसमात, प्रीमियर लीगमध्ये सतरावा आला. वीस संघांत सतरावा! ३८ पैकी २२ सामने हरला. खालचे तिघे आपल्याहून वाईट खेळले म्हणून वाचलो, एवढंच. फायनलनंतर सोळाव्या दिवशी मॅनेजर गेला. बरं, त्याची नेमणूक झाली होती ६ जून २०२३ला. म्हणजे बरोब्बर दोन वर्षं, तारखेसकट.

क्लबने जे निवेदन काढलं त्यात एक आकडा आहे: शेवटच्या ६६ लीग सामन्यांत ७८ गुण. मी तो ताडून बघितला. अँजच्या पहिल्या दहा सामन्यांत २६ गुण होते, आठ विजय, दोन बरोबरी. तेव्हा लोक रॉबी विल्यम्सच्या 'एंजल्स'च्या चालीवर त्याचं गाणं म्हणत होते. त्या मोसमाचे एकूण ६६. म्हणजे उरलेल्या २८ सामन्यांत ४०, आणि यंदाचे ३८. झाले ७८. हिशेब चोख आहे. पण हिशेब कुठून सुरू करायचा हे ज्याने ठरवलं, त्याने उत्तरही ठरवलंच की. पहिले दहा सामने वगळले, बिल्बाओही वगळलं, मग उरलं काय?

काढलं ते चूक की बरोबर, यावर ग्रुपमध्ये सरळ दोन तट पडलेत. दोन्हीकडे दाखले आहेत, आणि चांगले आहेत.

काढलं ते बरोबर म्हणणारे युनायटेडकडे बोट दाखवतात. २०२४च्या मे महिन्यात टेन हागने एफए कप जिंकला, तोही मँचेस्टर सिटीला हरवून. लीगमध्ये आठवा आला होता. क्लब त्याला काढायच्या बेतात होता, इतरांशी बोलणीही झाली होती. कपाच्या आनंदात ठेवलं, वर करारही वाढवून दिला. ऑक्टोबर संपायच्या आत काढावंच लागलं. अख्खा उन्हाळा, त्या उन्हाळ्यात त्याच्या पसंतीने घेतलेले खेळाडू, सगळं पाण्यात.

दुसऱ्या तटाकडे ऑलिव्हर ग्लासनरचा दाखला आहे. २०२२ला त्याच्या फ्रँकफर्टने हीच युरोपा लीग जिंकली आणि बुंडेसलिगात ते अकरावे आले. क्लबने ठेवलं. पुढच्या मोसमात सातवा क्रमांक आणि जर्मन कपची फायनल. काही आकाश कोसळलं नाही. तोच ग्लासनर आता क्रिस्टल पॅलेसमध्ये आहे आणि १७ मेला एफए कप जिंकून बसलाय. पॅलेसच्या इतिहासातली पहिली मोठी ट्रॉफी. आता गंमत बघा, अँजला ठेवायला हवं होतं म्हणणारे आमच्यातले निम्मे लोक बदली म्हणून ग्लासनरचंच नाव घेतायत!

मला स्वतःला त्याला काढणं समजतं. बावीस पराभवांनंतर कुठल्याही बोर्डाला झोप लागणार नाही. माझं दुखणं वेगळं आहे. काढताना कारण दिलं, पण आता शोध कशासाठी आहे ते कुणी सांगत नाहीये. टॉप फोर हवंय, की कप हवेत, की तरुण पोरं घडवायचीत? हे ठरल्याशिवाय 'कोण'ला उत्तरच नाही. तरी आपण गेले दोन दिवस 'कोण'वरच भांडतोय.

आणि ते भांडण ऐकलं ना, की एक लक्षात येतं. नाव घेणारा माणूस मॅनेजरबद्दल कमी आणि स्वतःबद्दल जास्त सांगत असतो. पिंपरीचा आमचा एक मित्र आहे, तो ब्रेंटफर्डच्या थॉमस फ्रँकवर अडून बसलाय. फ्रँक २०१८पासून २०२५पर्यंत तिथे होता, २०२१ला क्लबला पहिल्यांदा प्रीमियर लीगमध्ये आणलं, आणि यंदा आयव्हन टोनी विकल्यावरही दहावा आला. एंब्युमोने लीगमध्ये २० गोल मारले, विसाने १९. या मित्राला खरं म्हणजे सतराव्या क्रमांकाची लाज वाटलीय. त्याला आता शांतता हवीय. दर शनिवारी छातीत धडधड नको.

जो बोर्नमथच्या अँडोनी इराओलाचं नाव घेतो त्याला अँजचाच खेळ हवाय, धावपळ, प्रेसिंग, फक्त मागे दार उघडं न ठेवता. फुलहॅमच्या मार्को सिल्वाचं नाव घेणारे थोडे, आणि ते घेताना आवाज जरा खालीच असतो. आणि पोचेटिनोवाले तर कायमचेच. माणूस अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचा कोच आहे, २०२६ला त्यांच्या घरच्या मैदानांवर वर्ल्ड कप आहे, तो सोडून येईल कशाला? पण २०१९ची चॅम्पियन्स लीग फायनल ज्यांनी पाहिली त्यांना हे पटत नाही. त्यांना मॅनेजर नकोय, ती पाच वर्षं परत हवीत.

आता या सगळ्यात बातमी किती आणि हवा किती? स्पर्सच्या चाहत्यांत एक जमात आहे, 'आयटीके'वाले. म्हणजे आतलं माहीत असल्याचा दावा करणारे. 'काल रात्री एका रेस्टॉरंटात दिसला', 'त्याच्या बायकोने लंडनमध्ये शाळा बघितली', असलं काहीतरी. दुसरे विमानं बघणारे. कोपनहेगनहून एखादं खासगी जेट उडालं, की झालं. तिसरे सट्ट्याचे भाव बघणारे. ब्रिटनमध्ये यावर कायदेशीर बेटिंग चालतं, पण या बाजारात पैसा फार नसतो. थोड्याच लोकांनी एका नावावर पैसे लावले तरी भाव धाडकन खाली येतो. मग 'भाव पडला' हीच बातमी होते, ती वाचून आणखी लोक पैसे लावतात, भाव आणखी पडतो. मुळात कुणाला काहीच माहीत नव्हतं.

तरी चाहत्यांच्या बडबडीला काहीच वजन नसतं, असं नाही हं. २०२१ आठवा. एप्रिलमध्ये मोरिन्योला काढलं, लीग कपच्या फायनलला सहा दिवस उरले असताना. मग सुरू झाला तो ७२ दिवसांचा शोध. काँतेशी बोलणी, फिसकटली. फोन्सेका जवळजवळ ठरला, तोही बारगळला. त्याच दिवशी गट्टूसोचं नाव आलं. त्याची स्त्रियांबद्दलची, समलिंगी विवाहांबद्दलची जुनी वक्तव्यं लोकांनी उकरून काढली, 'गट्टूसो नको' असा हॅशटॅग चालला आणि क्लबने विषय सोडून दिला. म्हणजे 'नको' म्हणायची ताकद चाहत्यांकडे आहे. 'हवा' म्हणायची नाही. कारण शेवटी आला कोण, तर नुनो. अध्यक्ष डॅनियल लेव्हीने त्याच मे महिन्यात चाहत्यांना लिहिलं होतं की आपल्याला मोकळा, आक्रमक, करमणूक करणारा फुटबॉल खेळणारा संघ हवाय. आणि जूनच्या शेवटी आणला सावध खेळासाठी ओळखला जाणारा माणूस. ऑगस्टमध्ये महिन्याचा सर्वोत्तम मॅनेजर ठरला, १ नोव्हेंबरला घरी. लीगचे दहा सामने.

मला खरी भीती आहे ती याचीच. हा क्लब प्रत्येक वेळी आधीच्या माणसावरचा उतारा शोधतो. पोचेटिनो घडवत होता पण ट्रॉफी नव्हती, म्हणून ट्रॉफीवाला मोरिन्यो. मोरिन्योने ड्रेसिंग रूम खट्टू केली, म्हणून शांत नुनो. नुनो फारच शांत, म्हणून तापट काँते. काँतेने जाता जाता खेळाडूंवर आणि क्लबवर जाहीर तोंडसुख घेतलं, म्हणून गोड बोलणारा, खुला खेळणारा अँज. आता अँजचा संघ मागे उघडा पडतो, म्हणून आवळून खेळणारा कुणीतरी. औषधावर औषध चाललंय, पण मूळ आजार काय हे तपासलंच नाही कुणी. आणि प्रत्येक जण येताना आपल्या पद्धतीचे खेळाडू मागतो, मग ते पुढच्याच्या गळ्यात.

दुसऱ्या पद्धतीनेही शोध घेता येतो. २०२४च्या जानेवारीत क्लॉपने लिव्हरपूल सोडतोय म्हणून जाहीर केलं. चाहत्यांचं एकच नाव होतं, शाबी अलोन्सो. इस्तंबूलच्या २००५च्या फायनलमध्ये गोल मारलेला, आपला माणूस. मार्चच्या शेवटी तो म्हणाला, मी लेव्हरकुसेनमध्येच राहतोय. केवढी हळहळ झाली तेव्हा! क्लबने मात्र प्रश्नच वेगळा ठेवला होता: आपल्याकडे जो संघ आहे त्याच्याशी कुणाचा खेळ जुळतो, कुणाचे खेळाडू कमी जायबंदी होतात, आणि हातातल्या पैशापेक्षा जास्त कोण करून दाखवतो. उत्तर आलं आर्ने स्लॉट. त्या उन्हाळ्यात आलेल्यांपैकी लिव्हरपूलसाठी मैदानात उतरला तो एकटा किएसा. आणि पहिल्याच मोसमात लीग जिंकली.

आता मीठ चोळतो, माफ करा. हा स्लॉट २०२३ला आपल्या यादीत होता. फेयेनूर्डला नुकतंच लीग जिंकून दिलेलं. स्पर्सशी नाव जोडलं गेलं, काही दिवस चर्चा, मग त्याने जाहीर केलं की मी राहतोय. त्यानंतर दोन आठवड्यांत अँज आला. आणि यंदा २७ एप्रिलला अॅनफिल्डवर लिव्हरपूलने लीग पक्की केली ती कुणाला हरवून? आपल्याला. ५-१.

स्लॉट आपल्याकडे आला असता तर आपण जिंकलो असतो का? मला नाही वाटत. तो जिथे गेला तिथे घर लावलेलं होतं, त्याला फक्त चावी घ्यायची होती. आपल्याकडे आला असता तर त्याला आधी नळ दुरुस्त करावे लागले असते. २००८चा लीग कप हुआन्दे रामोसने जिंकून दिला, त्यालाही आठच महिन्यांत, आठ सामन्यांत दोन गुण झाले म्हणून काढलं होतं. म्हणजे गेल्या सतरा वर्षांत या क्लबला दोन जणांनी ट्रॉफी दिली, आणि पुढचा मोसम दोघांपैकी एकालाही पुरा करू दिला नाही.

एका श्रोत्याने विचारलंय, "दादा, सात हजार किलोमीटरवरच्या क्लबच्या मॅनेजरवर एवढी डोकेफोड कशाला?" रास्त प्रश्न आहे. मी मूळचा कोल्हापूरचा. तिथे पाटाकडील असो की दिलबहार, संघ हरला तर कोच पेठेतच राहतो. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर गाठून विचारता येतं, "त्याला का बसवलंस रे बाहेर?" उत्तर पटो न पटो, द्यावं लागतं. टॉटेनहॅमला मी कुठे गाठू? माझ्याकडे तिकीट नाही, मत नाही, स्टेडियमबाहेर फलक घेऊन उभं राहायची सोय नाही. हंगाम चालू असतो तेव्हा निदान ओरडता तरी येतं. जून-जुलैत तेही नाही. मग ग्रुपवर नावं टाकायची. लेव्ही ते वाचत नाही हे आम्हाला माहीत आहे. पण क्लब माझाही आहे, हे म्हणायला दुसरी जागा नाही.

तर माझं मत. फ्रँक आला तर मी खूश होईन, पण एका अटीवर. त्याला ब्रेंटफर्डने जे दिलं ते मिळायला हवं. ते म्हणजे वेळ. तिथे पहिल्या दहा सामन्यांत तो आठ हरला होता, आणि कुणी त्याला हात लावला नाही. आपल्याकडे एवढं झालं तर तिसऱ्या आठवड्यात भाव फुटायला लागतील, पुढचा कोण म्हणून.

म्हणून या वेळी व्हॉइस नोट पाठवताना नुसतं नाव पाठवू नका. सोबत एवढं सांगा: तुमचा माणूस पहिल्या दहापैकी सहा सामने हरला, तर तुम्ही त्याला ठेवाल का? 'हो' असेल तर नाव सांगा. चांगल्या नोट पुढच्या भागात लावतो.

१३ ऑगस्टला उदिनेत सुपर कप आहे, पीएसजीविरुद्ध. त्यांनी आठवड्यापूर्वीच इंटरला ५-० धुतलंय. आपल्याकडे पुन्हा रात्रीचे साडेबारा. साइडलाइनवर कोण उभा असेल देव जाणे. चहाची सोय मात्र आत्तापासून करून ठेवा. भेटूच.