अर्धांगवायूनंतरचे अन्न

सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण ज्याच्या वाट्यास येते तो भाग्यवान, अशा आशयाची म्हण गुजराती भाषेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिच्या पूर्वार्धाचा प्रत्यय या नगरीत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकास येतो. हिवाळ्यातील पोंक आणि उंधियू, सकाळचा लोचो, शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी चांदनी पडव्याला घरोघरी येणारी घारी. परंतु या जेवणाच्या आणि त्या मरणाच्या मध्ये एक तिसरीच अवस्था असते. अन्न समोर असते, पण गिळता येत नाही. मरण टळलेले असते, पण उजवा हात ताटापर्यंत पोहोचत नाही. वैद्यक तिला पक्षाघात म्हणते. खानदेशातून ताप्तीकाठच्या रेल्वेने येऊन लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत यंत्रमागांवर राबणाऱ्या मराठी कुटुंबांत तिचे नाव लकवा. त्या अवस्थेत अन्नाचे स्थान कोणते, आणि आहारतज्ज्ञाचे तेथे काम काय, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय होय.

भाविकांना परिचित असलेली छांदोग्योपनिषदातील कथा येथे प्रथम स्मरावी. उद्दालक आरुणीने आपल्या पुत्रास, श्वेतकेतूस, पंधरा दिवस अन्न वर्ज्य करावयास सांगितले. पाणी मात्र यथेच्छ प्यावयास दिले. त्यानंतर ऋचा म्हण असे सांगताच श्वेतकेतूस काहीच आठवेना. जेवून परत आल्यावर सर्व वेद पुन्हा उपस्थित झाले. मन हे अन्नमय आहे, हे पित्याने असे प्रयोगाने पटविले. आधुनिक शरीरशास्त्राची साक्ष यास विरोधी नाही. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्क्यांच्या आसपास, पण विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा खर्च करते तिचा सुमारे पाचवा हिस्सा हा एकटा अवयव घेतो.

मात्र कथेचा अर्थ ताणू नये. रक्तपुरवठा तुटून मेंदूचा जो भाग मेला तो बदामांनी वा तुपाने जिवंत होत नाही. उरलेला मेंदू सरावाने नवी कामे शिकतो आणि त्या बळावर रुग्ण उठतो, बोलतो, चालतो. हा सराव उपाशी देहाकडून होत नाही. अंथरुणावर पडलेल्याचे स्नायू तर झपाट्याने झिजतात. येथे कुटुंबाचे प्रेम बहुधा चुकीच्या वाटेने जाते. मोसंबीचा रस, चहा आणि वरणाचे वरवरचे पाणी दिवसातून दहा वेळा पाजले जाते व रुग्ण भरपूर घेतो असे समाधान मानले जाते. साठ किलो वजनाच्या अशा रुग्णास सर्वसाधारणपणे दिवसाला साठ ते सत्तर ग्रॅम प्रथिने लागतात. तीस ग्रॅम तूरडाळीत, म्हणजे घट्ट शिजवलेल्या एका वाटीत, ती जेमतेम सहा-सात ग्रॅम असतात. वरच्या पाण्यात किती असतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा. हा हिशेब रुग्णागणिक मांडणे, मूत्रपिंड दुर्बल असल्यास तो बदलणे, मधुमेह असल्यास पुन्हा बदलणे, हेच आहारतज्ज्ञाचे काम. सरसकट सर्वांना पौष्टिक पेयांचे डबे देणे हा त्यास पर्याय नव्हे. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हजारो रुग्णांवरील ‘फूड’ नामक चाचणीत, सुपोषित रुग्णांना असे पूरक अन्न सरसकट दिल्याने लाभ झाल्याचे दिसले नाही.

परंतु अन्न किती, या प्रश्नाच्या आधी ते कोणत्या वाटेने जाईल हा प्रश्न असतो, आणि भाविक घरांनी विशेष लक्ष द्यावे ते येथेच. पक्षाघाताच्या पहिल्या दिवसांत निम्म्याच्या आसपास रुग्णांना गिळण्यास अडचण असते. घशाचे स्नायू शिथिल झाल्याने पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते. निरोगी माणसास तत्क्षणी ठसका लागतो. या रुग्णास अनेकदा तोही लागत नाही, आणि दोन-तीन दिवसांनी न्यूमोनिया दिसू लागतो. अशा वेळी श्रद्धेने मुखात घातलेले पळीभर तीर्थ वा गंगाजल घातक ठरू शकते. हे विधान कठोर वाटेल, पण ते स्पष्टपणे करणे आवश्यक आहे. तीर्थ मस्तकास लावावे, नेत्रांस लावावे, प्रोक्षण करावे. परंपरेस ते सर्व मान्य आहे. गिळण्याची परीक्षा होऊन वैद्याने अनुज्ञा देईपर्यंत मुखात मात्र थेंबही घालू नये.

आयुर्वेदात शोधनानंतर प्रथम पेया, मग विलेपी, असा पातळाकडून घट्टाकडे जाणारा क्रम सांगितला आहे. तो जठराग्नीच्या दृष्टीने. गिळण्याच्या दृष्टीने मात्र सर्वांत अवघड पदार्थ म्हणजे साधे पाणी. ते वेगाने धावते. पेज, कण्हेरी, मऊ गाळलेली खिचडी पुष्कळदा अधिक सुरक्षित असते. हा घट्टपणा आता अंदाजावर सोडलेला नाही. शून्यापासून सातपर्यंत आठ पायऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय श्रेणी रूढ झाली असून, दहा मिलिलिटरच्या सुई नसलेल्या पिचकारीतून दहा सेकंदांत किती द्रव खाली उतरतो यावरून पातळ पदार्थाची पायरी ठरते. रुग्णास ताठ बसवून, हनुवटी किंचित झुकवून, लहान घास द्यावा. घास संपल्यावर दुबळ्या बाजूच्या गालात काही साचले का ते पाहावे. जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. हे ज्यास साधत नाही त्यास नाकातून नळी घालतात. नळीस घरची मंडळी फार भितात, तिला शेवटाची खूण समजतात. वस्तुतः बहुसंख्यांच्या बाबतीत ती काही आठवड्यांची सोय असते.

पुढचा प्रश्न मिठाचा. १९३० साली ज्या दांडीच्या किनाऱ्यावर मिठासाठी सत्याग्रह झाला ती येथून फार दूर नाही. आणि आज त्याच मुलखात मीठ कमी करा असे सांगावे लागते, हा काळाचा विनोदच. रक्तदाब हे पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण, आणि एकदा येऊन गेलेला झटका पुन्हा येऊ नये यासाठी त्याचा निग्रह अटळ. प्रौढ माणसास दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. पापड, लोणचे, फरसाण आणि खानदेशी शेवभाजी यांत ती एका बैठकीत ओलांडली जाते. खमणातील खाण्याचा सोडा व पापडखार यांतही सोडियम असतेच, जरी जिभेस ते खारट लागत नसले तरी. एकादशीचे सैंधव यास अपवाद नाही, तेही मीठच. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या गोळ्या चालू असतील तर पालेभाजी एकाएकी बंद वा एकाएकी दुप्पट करू नये, रोजचे प्रमाण सारखे राखावे.

एक बाब सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मेंदूच्या उजव्या भागास इजा झालेल्या काही रुग्णांस डावीकडचे जगच जाणवेनासे होते. डोळे शाबूत असूनही ताटाचा डावा अर्धा त्यांच्या लेखी नसतो. मराठी ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. तेव्हा कोशिंबीर तशीच राहते आणि सून म्हणते, मामंजींना आता ती आवडत नाही. मीठ आणि चटणी राहिली तर फारसे बिघडत नाही. पण वाढणाऱ्याने पोळीही डावीकडे ठेवली असेल तर माणूस अर्धपोटी उठतो, आणि उपाशी असल्याचे त्यास सांगताही येत नाही. अशा वेळी ताट अर्धे फिरवून पुन्हा समोर ठेवावे.