मूत्राशयाचे आरोग्य : नित्याच्या सवयी आणि आपले कर्तव्य

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही जमाखर्च सादर करतो. तो छापील अहवालात आहेच. आज मात्र ज्याचा चारचौघांत उच्चार करण्यास आपण संकोचतो, अशा विषयावर बोलण्याची अनुज्ञा घेतो. तो विषय म्हणजे लघवी. हा संकोचच पुष्कळ दुखण्यांचे मूळ आहे. आम्ही वैद्य नव्हे. डॉक्टर मंडळी नित्य जे सांगतात, तेच आपणांपुढे ठेवीत आहोत.

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी असून प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारणतः ३०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावते. दिवसरात्र मिळून सहा ते आठ वेळा लघवीस जावे लागणे हे स्वाभाविक होय. मूत्र वेळेवर बाहेर पडले की त्याबरोबर जंतूही वाहून जातात. ते तुंबून राहिले की जंतूंना वाढण्यास अवसर मिळतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा असल्याने त्यांना हा संसर्ग अधिक होतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नैसर्गिक वेग अडवू नयेत हे सांगण्यासाठी एक स्वतंत्र अध्यायच आहे आणि त्यात मूत्रवेगाचाही समावेश आहे.

आपल्या जालना जिल्ह्याला पाण्याची ओढ नवी नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. पाणी जपण्याची सवय आपल्या अंगवळणी पडली आहे. ही काटकसर सांडण्या-धुण्यात शोभते, पिण्यात नव्हे. चाळीस अंशांवरच्या उन्हात शेतात राबणारा शेतकरी असो वा पोलाद कारखान्यात भट्टीपुढे उभा असणारा कामगार असो, घामावाटे जे खर्ची पडते ते भरून काढलेच पाहिजे. खर्च चालू ठेवून जमा थांबविली की कोणतेही खाते बुडते. शरीराचेही तसेच आहे. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे; गडद झाली तर कमी पडते आहे, असे समजावे. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे.

नित्याच्या सवयी सोप्या आहेत. जागेपणी तीन-चार तासांनी लघवीस जावे. परंतु उगाच दर अर्ध्या तासाला जाण्याची सवयही लावू नये. घाई न करता, नीट बसून, मूत्राशय पूर्ण रिकामे करावे. स्त्रियांनी स्वच्छता पुढून मागे करावी. सुती अंतर्वस्त्रे वापरावीत. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, कारण त्याचा दाब मूत्राशयावर पडतो. वारंवार लघवी लागत असेल तर चहा कमी करावा. रात्री उठावे लागत असेल तर संध्याकाळनंतर पाणी बेताने घ्यावे. तंबाखू आणि विडी सोडावी. धूम्रपान हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण आहे.

घरातील वृद्धांविषयी एक विनंती. अंथरूण ओले होईल म्हणून त्यांना पाणी कमी देण्याचा प्रघात अनेक घरांत आहे. त्यामागे निष्ठुरता नसते, थकवा असतो. परंतु त्याने मूत्र दाट होते, संसर्ग वाढतो आणि वृद्ध माणूस एकाएकी भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. त्यांना दिवसा थोडे थोडे पाणी द्यावे आणि ठरावीक वेळी आधार देऊन लघवीस न्यावे.

उन्हाळी लागली की आपल्याकडे धने-जिऱ्याचे पाणी देतात. त्यास हरकत नाही. परंतु जळजळ थांबत नसेल, किंवा थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखू लागले, तर घरगुती उपायांवर दिवस काढू नयेत. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला की उपचार लांबतो आणि खर्चही. लघवीतून रक्त गेले, ते एकदाच आणि वेदनेविना गेले तरी, तपासणी करावीच. दिलेल्या गोळ्यांचा क्रम बरे वाटू लागले म्हणून अर्ध्यावर सोडू नये.

एवढे सांगूनही एक प्रश्न उरतो. लघवी तुंबवू नका, हे कापूस वेचणाऱ्या भगिनीला सांगावे, तर रानात तिला आडोसा कोठे आहे? मंठा वा भोकरदनहून एस. टी.ने तालुक्याबाहेर निघालेली स्त्री घरूनच पाणी न पिता निघते. शाळेतील मुलगी घरी पोचेपर्यंत कळ सोसते. हा त्यांचा हट्ट नव्हे, निरुपाय आहे. २०११ साली मुंबईत महिला कार्यकर्त्यांनी 'राइट टू पी' या नावाने चळवळ उभारली, तेव्हा पुरुषांना विनामूल्य मिळणाऱ्या सोयीसाठी स्त्रियांना पैसे मोजावे लागतात, हे त्यांनी लोकांपुढे आणले. जे महानगरात होते, ते आपल्या बाजारपेठेत, बसस्थानकात आणि शेतशिवारात वेगळे कसे असेल?

म्हणून देणगीदारांस आमची नम्र प्रार्थना अशी की, यंत्रसामग्रीसाठी आपण उदार हस्ते देता, तसेच एखाद्या शाळेत मुलींसाठी, एखाद्या बाजारात स्त्रियांसाठी, पाणी, कडी आणि दिवा असलेले स्वच्छतागृह उभारण्यास व ते चालविण्यासही द्यावे. बांधकामाचा खर्च एकदाच येतो. झाडलोट आणि पाणी यांचा रोजचा असतो, आणि तो न झाल्यास बांधलेले वाया जाते. त्या दानावर नावाची पाटी लावण्यास कदाचित कोणी उत्सुक नसेल. परंतु त्यामुळे जे रुग्ण आमच्या दारी येणारच नाहीत, त्यांची संख्या कोणत्याही अहवालात न छापता येणारी, तरीही खरी जमा असेल.