आवाज ओळखीचा, चेहरा अनोळखी



आयोजकांचा मला निरोप आला, "तू कार्टूनच्या डबिंगमध्ये आहेस, त्यावरच बोल, म्हणजे मुलंही ऐकतील." मी स्वतः आवाज देत नाही. परदेशी पात्रं जे बोलतात ते आपल्या भाषेत लिहून देतो. पण वर्षानुवर्षं काचेच्या अलीकडे बसून आवाज देणाऱ्यांना पाहतो आहे, म्हणून त्यांच्याविषयी चार शब्द.

आधी मुलांना एक प्रश्न. निंजा हातोडी कोणाकोणाला ठाऊक आहे? वा, सगळे हात वर. आता सांगा, हिंदीत तो कोणाच्या आवाजात बोलतो? बघा, सगळे हात खाली. तो आवाज एका मराठी बाईंचा आहे. त्यांचं नाव मेघना एरंडे. हिंदीतला नॉडीही त्यांच्याच आवाजात बोलतो. एक चपळ निंजा आणि एक भाबडा खेळण्यातला मुलगा, दोघेही एकाच गळ्यातून आलेले. तुमच्या घरात रोज संध्याकाळी त्यांचा आवाज घुमला असेल, पण त्या एसटीत तुमच्या शेजारी बसल्या तरी तुम्ही ओळखणार नाही.

मुलाचा आवाज बाई का देते, असं पुष्कळजण विचारतात. कारण साधं आहे. खऱ्या मुलाचा आवाज बारा-तेराव्या वर्षी फुटतो आणि मालिका तर वर्षानुवर्षं चालते. जपानमध्ये डोरेमॉनला नोबुयो ओयामा या बाईंनी १९७९ पासून २००५ पर्यंत आवाज दिला. तब्बल २६ वर्षं! पहिल्या भागाच्या वेळी पाळण्यात असलेली पोरं तोवर स्वतः आईबाप झाली, डोरेमॉनचा आवाज मात्र तोच राहिला.

हे काम चालतं कसं? एक छोटी, गच्च बंद खोली. समोर पडदा, कानाला हेडफोन, पुढ्यात कागद. कलाकार बहुधा एकटाच उभा असतो. ज्याच्याशी भांडायचं ते पात्र करणारा कलाकार दुसऱ्याच दिवशी येऊन आपली वाक्यं बोलून जातो. पडद्यावरच्या पात्राचं तोंड उघडलं की बोलायचं, मिटलं की थांबायचं. प, फ, ब, भ, म म्हणताना आपले ओठ मिटतात. तिथे पात्राचे ओठ उघडे असतील तर लगेच खटकतं, मग मला शब्द बदलून द्यावा लागतो. जपानी वाक्यात क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, त्यामुळे तिथे थोडं सोपं जातं. इंग्रजीचं वाक्य मात्र पुष्कळदा उलटं करून बसवावं लागतं.

शिवाय नुसतं बोलून भागत नाही. धापा टाकणं, उचकी, घास तोंडात असताना बोलणं, झाडावरून धपकन पडणं, हे सगळं उभ्या जागी, हातपाय माईकला न लावता करायचं. दिवसभर किंचाळून झालं की कलाकार कोमट पाणी पीत गप्प बसून राहतात. घरी गेल्यावर कोणी हाक मारली तरी नुसती मान हलवतात, असं त्यांच्या घरचे सांगतात.

आमच्या वयाच्या मंडळींना दूरदर्शनवरचं १९९३ सालचं 'जंगल बुक' आठवत असेल. रविवारी वाडीतली कामं टाकून सगळे टीव्हीपुढे. त्यातल्या शेरखानची डरकाळी कोणाची? नाना पाटेकरांची. नाना जन्माने मुरूडचे. आपल्या नागावच्या याच रस्त्याने चौल, रेवदंडा करत खाडीवरचा पूल ओलांडला की पुढे मुरूड लागतं. वाक्य मध्येच तोडायचं, थांबायचं आणि मग फेकायचं, ही नानांची लकब त्या वाघाला अशी चिकटली की २०१६ साली नवा चित्रपट आला तेव्हाही हिंदी शेरखान त्यांनाच करावा लागला.

नाना आधीच प्रसिद्ध होते, म्हणून त्यांचं नाव आपल्याला कळलं. बाकीच्यांचं काय? अमेरिकेत मेल ब्लँक नावाचा कलाकार होऊन गेला, १९०८ ते १९८९. बग्ज बनी, डॅफी डक, ट्वीटी हे सगळे त्याचेच आवाज. त्याने पगारवाढ मागितली, निर्मात्याने नकार दिला. मग तो म्हणाला, निदान पडद्यावर माझं नाव द्या. ते मिळालं आणि लोकांना प्रथमच कळलं की सशामागे एक माणूस आहे. १९६१ साली मोटारीच्या भीषण अपघातानंतर तो अनेक दिवस बेशुद्ध होता. त्याच्या नावाने कितीही हाका मारल्या तरी उत्तर नाही. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "बग्ज बनी, कसा आहेस?" आणि त्याने सशाच्या आवाजात उत्तर दिलं. पुढे प्लास्टरमध्ये जखडलेला असतानाही त्याने पडल्या पडल्या ध्वनिमुद्रण केलं.

आता तुम्ही म्हणाल, या सगळ्याचा आपल्या नागावशी काय संबंध? सांगतो.

हे कलाकार आवाज आणतात कुठून? कानातून. आधी ऐकतात, मग बोलतात. आणि ऐकायला आपल्या मुलखासारखा मुलूख नाही. शेजारी अक्षीला जो शिलालेख आहे तो मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी मानला जातो. रेवदंड्यापलीकडे कोर्लईत आजही पोर्तुगीज वळणाची बोली घरात बोलतात. मधल्या पट्ट्यात आगरी, कोळी, माळी, भंडारी, प्रत्येकाचा हेल निराळा. तासाभराच्या रस्त्यात एवढे सूर!

आणि आपण काय करतो? लाजतो. मुंबईत मी नवा असताना मलाही एकाने "अलिबाग से आया है क्या?" ऐकवलं होतं. या वाक्यावर बंदी घाला म्हणून २०१९ साली आपल्या एका अलिबागकराने उच्च न्यायालयात याचिकाही केली. ती फेटाळली गेली. मनाला लावून घेऊ नका, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. मला वाटतं, त्याचं खरं उत्तर आमच्या त्या बंद खोलीत आहे. एकदा एका म्हाताऱ्या नावाड्याचे संवाद मी आपल्या बोलीत लिहिले. "मला" च्या जागी "मना", "तुला" च्या जागी "तुना". कलाकार मोठा अनुभवी होता. त्याने कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "तुम्ही वाचा, मी ऐकतो." दहा वेळा वाचून घेतलं. जो हेल शाळेत असताना मी जिभेवरून खरवडून काढला होता, तोच त्या दिवशी तिथे कोणाकडे नव्हता.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणाला या क्षेत्रात यायचं असेल तर नुसती नक्कल करून भागणार नाही. रोज मोठ्याने वाचा. भाषा स्वच्छ ठेवा, पण आजीची भाषा अशुद्ध आहे असं समजू नका. बाजारात मासळी घेताना भाव ऐका आणि भाव सांगणारीचा सूरही ऐका.

मोठ्यांना एक विनंती. माझ्या आजीचे दोन फोटो आमच्या घरात आहेत. तिचा आवाज कुठेच नाही. ती जात्यावर काय गुणगुणायची हे मी सांगू शकतो, पण ती कशी गुणगुणायची ते माझ्या मुलीला ऐकवू शकत नाही. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारं यंत्र आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ अर्धा तास बसा. एखादी गोष्ट, एखादं गाणं, वाडीला पाणी लावायची जुनी रीत, काहीही त्यांच्याच बोलीत बोलू द्या. मध्ये सुधारू नका. सुरुवातीला नाव, गाव आणि वय सांगायला लावा, कारण आवाजाला नाव असलं पाहिजे. ते सगळं शाळेत एकत्र ठेवू. ते नीट लावून, उतरवून द्यायचं काम माझं.

पुढच्या मेळाव्याला इथे एक तास ते आवाज ऐकू. तेव्हा हा प्रश्न पुन्हा विचारीन, "हा आवाज कोणाचा?" आणि मला खात्री आहे, त्या दिवशी हात खाली जाणार नाहीत.