आमचे चाकरमानी आजोबा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



“आमच्या घरातील एक आदरणीय व्यक्ती” या विषयावर मला चार शब्द बोलावयास सांगितले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले आहे आणि भाषण करण्याची सवय नाही. काही उणे-अधिक झाले तर सांभाळून घ्यावे. विषय ऐकताच मला आमच्या आजोबांची आठवण झाली. त्यांचे नाव कधी कोठे छापून आले नाही. ते गिरणीत साचेवाले होते.

आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातील जयगडच्या बाजूचे. जमीन थोडी, तीही वरकस. नाचणी-वरी पिके ती चार महिन्यांत संपे, आणि घरात पाच भाऊ. म्हणून १९४६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते मुंबईस निघाले. तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती. कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गावर गाडी धावू लागली ती १९९८ साली. त्या काळी होडीत बसून भर समुद्रात उभ्या असलेल्या आगबोटीपर्यंत जावयाचे आणि मुंबईस भाऊच्या धक्क्यावर उतरावयाचे. त्यांच्याजवळ एक वळकटी, फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि लालबागच्या एका चाळीचा पत्ता, एवढेच होते.

पुढच्याच वर्षी, १७ जुलै १९४७ रोजी, “रामदास” बोट रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. ती बोट आमच्या बाजूची नव्हे. पण गावात बातमी पोचली ती “मुंबईची बोट बुडाली” एवढीच. आजोबांचे खुशालीचे कार्ड हाती पडेपर्यंत पणजी देव पाण्यात घालून बसली होती.

लालबागची ती खोली गाववाल्यांची होती. खोली एक आणि माणसे वीस-बावीस. भाडे सर्वांनी वाटून द्यावयाचे. रातपाळीवाला परत आला की दिवसपाळीवाल्याने जागा सोडावयाची. प्रत्येकाची हक्काची जागा म्हणजे भिंतीवरची एक खुंटी आणि एक ट्रंक. आजोबा सुरुवातीला बदली कामगार होते. सकाळी भोंग्याच्या आधी गिरणीच्या फाटकाशी उभे राहावयाचे. कोणी गैरहजर असेल तर त्या दिवशी काम, नाही तर परत.

पहिले दोन महिने त्यांना पुरते काम मिळाले नाही. मग जेवले कोठे? शेजारच्या चाळीत एक मावशी खानावळ चालवीत. एका खोलीत नवरा, मुले, चूल आणि पंधरा-वीस माणसांची पंगत. पैसे महिन्याच्या महिन्याला, आणि न जेवल्या वेळेचा खाडा धरावयाचा, अशी रीत होती. आजोबांनी पैसे नाहीत म्हणून आपणहूनच खाडे करावयास सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी मावशींनी मुलाला पाठवून त्यांना बोलावून घेतले आणि सांगितले, “तुझ्या हिशेबाची काळजी मी करीन, तू पानावर येऊन बस.” दोन महिन्यांचे पैसे आजोबांनी पुढे फेडले. पण ही गोष्ट सांगताना म्हातारपणीही त्यांचा आवाज भरून येई.

भगिनींनो, अशा शेकडो बायकांनी गिरणगाव जेवू घातले. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना बँकेकडून कर्ज मिळवून दिले, तेव्हा कोठे लोकांना कळले की हाही एक धंदा आहे आणि तो बायका चालवितात.

आजी लग्नानंतर पुष्कळ वर्षे गावीच होती. लावणी, कापणी, सासू-सासरे, गुरे हे सारे तिच्या अंगावर. आजोबा दर महिन्याला मनिऑर्डर करीत. फॉर्मच्या खालच्या चिटोऱ्यावर दोन ओळी लिहावयास जागा असे. “खुशाल आहे. गणपतीस येतो.” पोस्टमन वाचून दाखवी आणि आजी अंगठा उठवी. ते चिटोरे तिने हळदीच्या डब्यात जपून ठेवले होते. मी ते पाहिले आहेत, सारे पिवळे झालेले.

माझे वडील नोकरीला लागल्यावर इकडे घाटकोपरला पश्चिमेच्या डोंगरउतारावर खोली घेतली आणि आजी मुंबईस आली. पाणी खालून डोक्यावरून आणावे लागे. आता त्याच डोंगराच्या पायथ्याशी २०१४ पासून मेट्रो धावते आहे.

मग १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंत पुढारी होते आणि दोन लाखांहून अधिक कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. आणि हजारो लोकांचे काम गेले ते गेलेच. आजोबा तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते. शेजारचे कोणी गावी गेले, कोणी दारूला लागले. आजीने दोन-चार महिने वाट पाहिली आणि जवळच्या कारखान्यांतील माणसांना डबे द्यावयास सुरुवात केली.

आणि आजोबा काय करीत? ते पहाटे उठून कणीक मळीत, भाजी चिरीत, डबे पोचवीत आणि परत आलेले डबे घासीत. मी लहान होते, पण मोरीपाशी बसलेले आजोबा मला स्पष्ट आठवतात. शेजारी हसत, “साचेवाल्यांनी आता पोळपाट धरला!” आजोबा शांतपणे म्हणत, “परक्या बाईने मला पोसले, म्हणून मी मुंबईत टिकलो. मग भांडी घासायला लाज कसली?” डब्यांचा हिशेब लिहिता लिहिता त्यांनी आजीला सही करावयास शिकविले. बँकेच्या पुस्तकावर तिची पहिली सही झाली तेव्हा त्यांनी चाळीत पेढे वाटले होते.

आजोबा २००४ साली गेले. त्यांना एक खंत अखेरपर्यंत होती. मावशींच्या पानावर ते वर्षानुवर्षे जेवले, पण त्यांचे नाव कधी विचारले नाही. त्यांच्या जुन्या वहीत “खा. मावशी” एवढेच लिहिलेले आहे. “माझ्या मुकादमाचे नाव मला ठाऊक, जॉबरचे ठाऊक, आणि जिने जेवू घातले तिचे नाही,” असे ते म्हणत.

आपल्या मंडळात कोकणातल्या आहेत, घाटावरच्या आहेत, आणि अगदी अलीकडे दुसऱ्या प्रांतांतून आलेल्याही आहेत. प्रत्येकीच्या घरात कोणी तरी आजोबा वळकटी घेऊन या शहरात उतरलेले असतील. माझी सूचना अशी की, मंडळाने एक वही घालावी आणि प्रत्येकीने आपल्या घरातील त्या माणसाची हकीकत तीत लिहावी; आणि त्याला पहिले पान कोणी वाढले, गावी घर कोणी राखले, त्या बाईचे नाव विचारून घेऊन तेही लिहावे. म्हातारी माणसे अजून आहेत तोवर हे काम उरकले पाहिजे. शाळेत जाणाऱ्या मुलींनाही त्यात लिहावयास बसवावे.