पिठ्या ढेकणावरची परोपजीवी माशी : नवी जाती ठरते कशी

एनेसियस ही परोपजीवी गांधीलमाशी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर लांबीची, काळी आणि आखूड बांध्याची असते. गांधीलमाशी म्हटल्यावर छपराला पोळे लटकवणारी, डंख करणारी मोठी माशी आठवते. त्याच गणातली असूनही ही माशी माणसाच्या वाटेला जात नाही. कपाशी, भेंडी, जास्वंद, गाजरगवत यांवर वाढणाऱ्या पिठ्या ढेकणाच्या अंगात मादी एकेक अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी ढेकणाला आतून खाते. ढेकूण फुगतो, त्याचे कातडे कडक होऊन तांबूस-तपकिरी दिसू लागते. या अवस्थेला ‘ममी’ म्हणतात. पुढे ममीच्या मागच्या टोकाला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. फवारणीचा खर्च न करता कीड आटोक्यात ठेवणाऱ्या या माशीची ओळख पटवताना शास्त्राला काय काय करावे लागले, ते तपशिलाने पाहण्याजोगे आहे.

तिचे भक्ष्य असलेला फेनाकोकस सोलेनॉप्सिस हा पिठ्या ढेकूण मूळचा उत्तर अमेरिकेतला. टिन्सली यांनी १८९८ साली न्यू मेक्सिकोतील नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो भारत आणि पाकिस्तानातील कपाशीवर फार मोठ्या प्रमाणात पसरला. पाकिस्तानात त्याला आधी वेगळी, नवी जाती समजून नवे नाव दिले गेले होते. ते पुढे मागे पडले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नऊ राज्यांतील ४७ ठिकाणांहून कपाशीवरचे पिठ्या ढेकूण जमवून तपासले, तेव्हा सुमारे ९५ टक्के नमुने याच एका जातीचे निघाले. २००९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. कीड परदेशी आहे हे एकदा नक्की झाले की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो: इथे तिला खाणारे कोणी आहे का?

उत्तर शेतातच होते. २००८ च्या सुमारास ममींमधून ही काळी माशी निघताना दिसली. नमुने अलीगढ मुस्लिम विद्यापीठातील मोहम्मद हयात यांच्याकडे गेले. माशीच्या एन्सर्टिडी कुळावर आयुष्य वेचलेल्या या अभ्यासकाचा भारतीय एन्सर्टिडींवरचा ग्रंथ २००६ सालीच निघाला होता. म्हणजे भारतात त्या कुळातले काय सापडले आहे, याची जवळजवळ संपूर्ण यादी एका माणसाच्या टेबलावर होती. उत्तर प्रदेशातल्या एका विद्यापीठाने ही विद्या अशी जोपासली, याचे श्रेय पुरेसे दिले जात नाही.

दीड मिलिमीटरची माशी तपासायची म्हणजे आधी तिला तपासण्याजोगी करावी लागते. काही नमुने कोरडे करून कार्डाच्या छोट्या त्रिकोणी टोकावर डिंकाने चिकटवतात, म्हणजे रंग, चकाकी आणि अंगावरचे खळगे जसेच्या तसे दिसतात. काही नमुने कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवून आतला मऊ भाग काढतात. मग अल्कोहोल, लवंगेचे तेल असे टप्पे घेत शेवटी कॅनडा बाल्सममध्ये काचपट्टीवर बसवतात. डोके, शृंगिका, पंख, पाय आणि उदर बारीक सुयांनी वेगळे करून एकेका काचेखाली ठेवायचे असते. हात थरथरला तर शृंगिकेचा खंड तुटतो, आणि त्या खंडाच्या लांबी-रुंदीचे प्रमाण हेच कदाचित दोन जातींमधले अंतर असते.

पाहायचे काय, तेही ठरलेले आहे. कूळ एन्सर्टिडी हे मधल्या पायाच्या मोठ्या काट्यावरून, छातीच्या बाजूच्या फुगीर पत्र्यावरून आणि आखूड शिरांच्या पंखावरून ओळखू येते. तो मधला पाय उडी मारण्यासाठीच घडलेला असतो, म्हणून ही माशी बोट जवळ नेताच टुणकन नाहीशी होते. एनेसियस या प्रजातीची खूण डोक्यावर असते: कपाळावर शिंप्याच्या अंगुस्तानासारखे खोल, दाटीने बसलेले खळगे. कूळ आणि प्रजाती एवढ्यावर ठरतात. खरी अडचण त्यानंतर जातीपाशी सुरू होते. शृंगिकेचा पहिला लांब खंड किती चपटा आहे, डोळ्यांमधले अंतर डोक्याच्या रुंदीच्या किती पट आहे, पायांचे रंग कुठे बदलतात, अंडनलिका किती लांब आहे, हे सारे मोजून जगातल्या ज्ञात जातींच्या वर्णनांशी ताडून पाहावे लागते. भारतात एनेसियस ॲडव्हेना ही जाती आधीपासून ठाऊक होती. नवे नमुने तिच्याशी जुळत नव्हते.

हयात यांनी २००९ साली या माशीचे नवी जाती म्हणून वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला एनेसियस बंबावालेई असे नाव दिले. नाव नवी दिल्लीच्या राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राचे तत्कालीन संचालक डॉ. बंबावाले यांच्या सन्मानार्थ होते. जातिनामात मराठी आडनाव आले, ते असे. आंतरराष्ट्रीय प्राणिनाम संहितेनुसार असे नाव वैध होण्यासाठी वर्णन प्रसिद्ध व्हावे लागते, इतर जातींपासूनचे वेगळेपण सांगावे लागते आणि एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून निश्चित करून तो कुठे ठेवला आहे हे नोंदवावे लागते. नाव कायमचे बांधलेले असते ते त्या एका नमुन्याशी. वर्णनातले शब्द कमी पडले, चित्र अस्पष्ट आले, तरी शंभर वर्षांनी कोणीही तो नमुना काढून पुन्हा पाहू शकतो.

आणि तसेच घडले, शंभर वर्षे मात्र लागली नाहीत. २०१४ साली इराणमधील या कुळाच्या माश्यांवर काम करताना फल्लाहझादेह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की बंबावालेई म्हणजे जिराल्ट यांनी १९१५ साली वर्णिलेली ॲरिझोनाची जातीच आहे. आलेक्सांद्र आर्सेन जिराल्ट हा या शाखेतला अवघड पूर्वज. अमेरिकेत आणि पुढे ऑस्ट्रेलियात राहून त्यांनी तीन हजारांहून अधिक नवी नावे दिली. त्यांची वर्णने मात्र बहुधा इतकी त्रोटक, की मूळ नमुना पाहिल्याशिवाय त्यांचा अर्थ लागणे कठीण. त्यांनी ही माशी चॅल्कॅस्पिस या प्रजातीत ठेवली होती. नंतर ती एनेसियसमध्ये आणली गेली. म्हणूनच आज एनेसियस ॲरिझोनेन्सिस लिहिताना जिराल्ट यांचे नाव कंसात घालतात. अग्रक्रमाच्या नियमाने १९१५ चे नाव टिकले आणि २००९ चे नाव त्याचे समानार्थी नाव ठरले.

याला केवळ नावाची अदलाबदल समजणे योग्य नाही. माशी बंबावालेई होती तोवर तिच्याकडे इथलीच एखादी अज्ञात माशी, नव्या परदेशी किडीवर वळलेली, असे पाहता येत होते. ॲरिझोनेन्सिस ठरताच तिचे माहेर कळले: ढेकूण न्यू मेक्सिकोचा, माशी शेजारच्या ॲरिझोनाची. बहुधा भक्ष्याच्या मागोमाग, कोणी मुद्दाम न आणता, ती इथे पोहोचली. तिच्या हवामानाच्या सवयी, तिची इतर भक्ष्ये, तिचे शत्रू कुठे शोधायचे, हे सगळे त्या एका दुरुस्तीने उलगडले. २००९ ते २०१४ दरम्यानचे बरेचसे भारतीय लेखन मात्र जुन्या नावाखाली आहे. त्यामुळे शोध घेणाऱ्याला दोन्ही नावे माहीत असावी लागतात.

जाती ओळखण्यातल्या चुकीचा उसाच्या शेतातला दाखला याहून जुना आहे. त्या पिकाच्या खोडकिड्यांची अंडी नष्ट करण्यासाठी देशभर ट्रायकोग्रामा या परोपजीवी माश्या वापरतात. महाराष्ट्रातल्या ऊसकऱ्यांना तर त्या सोडण्याचे ट्रायकोकार्ड नवे नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या या माश्यांना कितीतरी वर्षे चुकीची नावे चिकटलेली होती, कारण माद्या एकसारख्या दिसत. सुधा नगरकट्टी आणि एच. नागराज यांनी १९७१ च्या लेखात नराच्या जननेंद्रियाची रचना जाती ओळखण्यासाठी निर्णायक असल्याचे दाखवले आणि या प्रजातीचा अभ्यासच बदलला. आज ऊस आणि इतर पिकांत सोडली जाणारी भारतातली प्रमुख जाती ट्रायकोग्रामा किलोनिस आहे. चुकीची जाती सोडली तर ती शेतात टिकत नाही आणि दोष मात्र सगळ्या जैविक नियंत्रणाला लागतो.

अलीकडे डीएनए बारकोडची मदत मिळते. सायटोक्रोम ऑक्सिडेज या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून तो ज्ञात नमुन्यांशी ताडतात. शरीर न मोडता डीएनए काढण्याच्या पद्धतींमुळे तीच माशी नंतर काचपट्टीवर बसवता येते. पण बारकोडला तुलनेसाठी आधी खात्रीने ओळखलेला नमुना लागतो, आणि ती खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच मिळते.

ममीतून निघणारी प्रत्येक माशी मित्र असतेच असे नाही. प्रोमस्किडिया ही बारीक माशी एनेसियसच्या अळीवरच जगते आणि त्याच ममीतून बाहेर येते. दोघींना एक समजून मोजल्यास कीड किती दबली याचा हिशेब चुकतो. म्हणून लखनौच्या तेलीबागेतल्या परसबागेतून असो वा यवतमाळच्या कपाशीतून, तपासणीसाठी नमुना पाठवताना एका कुपीत एकच ममी ठेवावी, तोंडाला कापूस लावावा आणि माशी निघाल्यावर ती ममीसह ९५ टक्के अल्कोहोलमध्ये घालावी. चिठ्ठीवर झाडाचे नाव, ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव पेन्सिलीने लिहून ती कुपीच्या आत टाकावी. शाईचे अक्षर अल्कोहोलमध्ये विरघळते.