दोन मिलिमीटरांचा फरक



घरी जुनी गाडी असेल तर उद्या सकाळी एवढं करून पाहा. पुढच्या टायरवरून तळहात आडवा फिरवा. बाहेरून आत नेताना हात सरसर जातो आणि आतून बाहेर आणताना रबराच्या कडा बोटांना अडतात, असं झालं तर दोन्ही चाकांची तोंडं गरजेपेक्षा जास्त आत वळली आहेत. उलट जाणवलं तर ती बाहेर फाकली आहेत.

आज मी जीपबद्दल बोलणार आहे, कारण तीस वर्षं तीच माझ्याकडे आहे. विलिजच्या घराण्यातली, पुढे अखंड अक्सल आणि पाट्यांची स्प्रिंग. चाक उभ्या रेषेपासून किती कलावं, चाक ज्यावर वळतं तो किंगपिन मागे किती झुकावा, म्हणजे कॅम्बर आणि कास्टर, हे तिच्या अक्सलच्या घडणीतच ठरून आलेलं असतं. अक्सल वाकला असेल तर ते काम वर्कशॉपचं. घरी जुळवायचा असतो तो टो-इन. वरून पाहताना दोन चाकांमधलं पुढचं अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी ठेवायचं. किती कमी? या जीपच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आकडा आहे 3/64 ते 3/32 इंच, म्हणजे साधारण 1.2 ते 2.4 मिलिमीटर.

मुळात चाकं आत वळवून ठेवायची कशाला? गाडी धावते तेव्हा रस्ता पुढच्या चाकांना मागे ढकलतो, आणि सांध्यांमध्ये जी थोडी जागा असते ती भरून चाकं बाहेर फाकू पाहतात. आधीच किंचित आत ठेवलेली चाकं मग धावताना सरळ होतात.

चूक झाली तर किती महाग पडते, त्याचा हिशेब कागदावर करता येतो. टायरचा व्यास धरा 710 मिलिमीटर. फरक 2 ऐवजी 10 मिलिमीटर झाला, तर प्रत्येक चाक 710 ला 5 या प्रमाणात तिरकं. म्हणजे दर किलोमीटरला ते चाक सुमारे 7 मीटर आडवं फरफटतं. पुणे ते कोल्हापूर सव्वादोनशे किलोमीटर, तेवढ्यात दीड किलोमीटरहून जास्त. रबर त्यातच जातं.

काही वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी मशीनवर अलाइनमेंट करून घेतली. हातात छापील कागद आला, सगळे आकडे हिरव्या रंगात. चार महिन्यांत नव्या टायरची कड खाल्ली गेली. चाकं वळवणाऱ्या टाय रॉडचा एक बॉल जॉइंट सैल होता आणि तो कोणी हलवूनही पाहिला नव्हता. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण सैल सांध्यावर घेतलेलं माप त्या क्षणापुरतं खरं असतं, गाडी हलली की संपलं. म्हणून आधी सपाट जमिनीवर मागच्या चाकांना दगड लावा, पुढचा भाग जॅकने उचला, अक्सलखाली भक्कम घोडे द्या. चाक वर-खाली धरून हलवा, मग दोन्ही बाजूंनी धरून हलवा. बेअरिंग, किंगपिन, टाय रॉड, मधला बेलक्रँक, जिथे ढिलाई असेल ती काढा. माझा अर्धा दिवस यातच जातो आणि तो जावा.

चाकं उचललेली आहेत तोवर आणखी एक काम. टायरच्या मधोमध खडू फासा, विटेवर टेकवून खिळा स्थिर धरा आणि चाक फिरवा. रबरावर बारीक रेघ उमटते. रिम थोडी वाकडी असली तरी ही रेघ चाकाच्या खऱ्या फिरण्याची असते. आता गाडी खाली घ्या, दोन्ही टायरमध्ये हवा सारखी करा, पुढून दाबून स्प्रिंग बसू द्या आणि स्टेअरिंग सरळ ठेवून गाडी दोन-तीन मीटर पुढे ढकला. मागे ढकलू नका, सांधे उलट बाजूला जातात.

स्टेअरिंग सरळच का, त्याला मोठा इतिहास आहे. वळणावर आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं, ही युक्ती म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर या घोडागाड्या बांधणाऱ्याची. लंडनमध्ये 1818 साली तिचं पेटंट रुडॉल्फ आकरमान यांनी घेतलं आणि नाव त्यांचं राहिलं. वळलेली चाकं मुद्दामच फाकतात, तेव्हा ती मापून काही कळत नाही.

माप घ्यायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. अक्सलच्या उंचीवर टायर सर्वांत पुढे येतो, तिथे रेघेवर दोरी धरा, खाली चिकटपट्टीवर टोकदार पेन्सिलची खूण करा. तसंच मागच्या बाजूला. चार खुणा झाल्या की गाडी ढकलून बाजूला न्या. इंजिनचा सम्प, स्प्रिंग, काहीच आड येत नाही. टेपच हवी असंही नाही. सरळ बांबूला दोन खिळे ठोकून पुढच्या दोन खुणांचं अंतर उचला आणि मागच्या खुणांवर ठेवा. आपल्याला लांबी नको आहे, फरक हवा आहे.

टाय रॉडचे क्लॅम्प सैल करून नळी पाव आटा फिरवा. रॉड अक्सलच्या मागे असेल तर लांबी वाढली की पुढची बाजू आत येते, पुढे असेल तर उलट. क्लॅम्प घट्ट करा, गाडी पुन्हा ढकला, पुन्हा ओळंबा. मला सहसा चार फेऱ्या लागतात. मग पाचशे किलोमीटर चालवा आणि तळहात पुन्हा एकदा टायरवरून आडवा फिरवा.